नावाचा माग, लाकडाचा माग

मराठी वाचकाची आणि कॉर्नवॉलिसची भेट बहुधा शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात झालेली असते. बंगालात कायमधाऱ्याची पद्धत आणणारा गव्हर्नर जनरल म्हणून तो तिथे येतो. पेशवाईचा इतिहास वाचणाऱ्याला तो आणखी एकदा भेटतो. टिपूविरुद्धच्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा ज्या इंग्रज सेनापतीच्या सोबतीनं लढल्या आणि १७९२ मध्ये ज्यानं टिपूकडून श्रीरंगपट्टणाचा तह करून घेतला, तो हाच. अमेरिकेत त्याची आठवण वेगळ्या कारणानं निघते. १७८१ साली यॉर्कटाउनला वॉशिंग्टनपुढे शरण आलेली इंग्रज फौज त्याची होती. दुसऱ्यांदा गव्हर्नर जनरल होऊन तो हिंदुस्थानात आला आणि ५ ऑक्टोबर १८०५ रोजी गाझीपूरला वारला. मुंबईनं त्याचा पुतळा उभारला होता. तो आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

हा लेख त्या माणसावर नाही. त्याच्या नावाच्या जहाजांवर आहे. आणि पुढे दिसेल की ती सगळी त्याच्या नावाची नव्हतीच. ब्रिटिश आरमारात ‘एचएमएस कॉर्नवॉलिस’ नावाच्या तीन मोठ्या युद्धनौका होऊन गेल्या. पहिली १८०५ साली आरमारात दाखल झाली, दुसरी १८१३ साली पाण्यात उतरली आणि तिसरी १९०१ साली. तिसरी टेम्सच्या काठी पोलादाची घडली. पहिल्या दोन मुंबईच्या गोदीत सागवानाच्या झाल्या.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. एका क्लिअरिंग एजंटाच्या कचेरीत माझी बरीच वर्षं बिल ऑफ लेडिंग आणि मॅनिफेस्ट तपासण्यात गेली. त्या कामात एक गोष्ट अंगवळणी पडते, ती म्हणजे जहाजाच्या नावावर विसंबायचं नाही. मालवाहू जहाज विकलं गेलं की नाव बदलतं, झेंडा बदलतो, मालक बदलतो. कागदावर नवंकोरं वाटणारं जहाज वीस वर्षांचं जुनं निघतं. म्हणून प्रत्येक जहाजाला एक सात आकडी आयएमओ क्रमांक असतो. बांधणीच्या वेळी मिळालेला हा क्रमांक ते अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघेपर्यंत तोच राहतो. नाव पुसता येतं, क्रमांक पुसता येत नाही.

युद्धनौकांना हा नियम नाही. आरमारांचा रिवाज नेमका उलटा आहे. तिथे जहाज मरतं आणि नाव उरतं. एक नौका बुडाली किंवा मोडली की काही वर्षांनी तेच नाव दुसरीला देतात. आपल्याकडे १९६१ साली नौदलात आलेली ‘विक्रांत’ गेली आणि २०२२ साली नव्या नौकेला तेच नाव मिळालं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. हा रिवाज आपण इंग्रजांकडून घेतला. ब्रिटिश आरमारात नावाबरोबर मानही वारशानं येतो. एखाद्या नावाच्या नौकेनं लढाईत भाग घेतला असेल, तर त्या लढाईचं नाव आणि साल पुढच्या त्याच नावाच्या नौकेवर फलकाच्या रूपानं मिरवता येतं. १९५४ साली ब्रिटिश नौदल खात्यानं या युद्धसन्मानांची पद्धतशीर यादी करून दिली. यादी नावानुसार आहे. जहाज कुठे बांधलं, कुणी बांधलं, त्याचं पुढे काय झालं, यांना तिच्यात जागा नाही.

त्यामुळे एका नावाच्या जहाजांचा इतिहास दोन तऱ्हांनी लिहिता येतो. नावाचा माग धरला तर एक वंशावळ तयार होते: पहिली, दुसरी, तिसरी; जणू आजी, आई, लेक. लाकडाचा माग धरला तर ही वंशावळ जागोजाग तुटते आणि भलत्याच ठिकाणी जाऊन जुळते. कॉर्नवॉलिसच्या बाबतीत हे दोन माग जितके लांब जातात, तितके मला दुसऱ्या कुठल्या नावाच्या बाबतीत आढळलेले नाहीत.

पहिलं जहाज सरकारी आरमारासाठी बांधलेलंच नव्हतं. ते ईस्ट इंडिया कंपनीचं. नाव ‘मार्क्विस कॉर्नवॉलिस’, बांधणी १८०० च्या सुमाराची, आणि बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया. वाडिया घराण्याचा मूळ पुरुष लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतेहून मुंबईला आला. तेव्हापासून गोदीच्या मुख्य मिस्त्रीची जागा त्या घरात चालत आलेली. जमशेटजी त्यांतले सर्वांत नावाजलेले. १८१० साली त्यांनी ‘मिंडेन’ हे चौऱ्याहत्तर तोफांचं जहाज पाण्यात सोडलं. ब्रिटिश आरमारानं आपल्या बेटांबाहेर बांधून घेतलेलं अशा दर्जाचं ते पहिलं जहाज.

लाकूड मलबारचं सागवान. इंग्लंडातली जहाजं ओकची. ओक मजबूत खरा, पण त्यातलं आम्ल लोखंडी खिळ्यांना खातं आणि बंदिस्त दमट हवेत तो आतून कुजतो. सागवानात तेल असतं, त्यामुळे खिळा टिकतो आणि लाकूडही टिकतं. ओकचं जहाज दहा-पंधरा वर्षांत मोठ्या डागडुजीला येई. सागवानी जहाजाचं आयुष्य किती, याचा एक नमुना पुढे येतोच.

या पहिल्या कॉर्नवॉलिसविषयी वाडियांच्या इतिहासात एक गोष्ट सांगतात. जहाजाच्या तळाशी कण्यावर आतल्या बाजूनं एक लांब जाड लाकूड जोडलेलं असतं. एकदा वर फळ्या बसल्या की ते कुणाच्या नजरेला पडत नाही. जमशेटजींनी त्या लाकडावर इंग्रजीत एक ओळ कोरून ठेवली होती. अर्थ असा: हे जहाज एका मेल्या काळ्यानं बांधलं, सन १८००. शिवी पुरती न लिहिता मधली अक्षरं गाळलेली. पुढे अनेक वर्षांनी जहाज दुरुस्तीसाठी गोदीत आलं, तेव्हा ती ओळ वर आली.

ही नुसती गंमत म्हणून सांगितली जाते. मला ती गंमत वाटत नाही. गोदीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या तोंडी जो शब्द असे, तोच जमशेटजींनी उचलला आणि त्यांच्याच जहाजाच्या पोटात ठेवला. जहाजाच्या पाठीवर, सोनेरी अक्षरांत, गव्हर्नर जनरलचं नाव. पोटात, अंधारात, बांधणाऱ्याची सही. बाहेरचं नाव दहा वर्षांत बदललं. आतली ओळ लाकूड असेतो राहिली.

१८०५ च्या मार्चमध्ये पूर्वेकडच्या आरमाराचा प्रमुख एडवर्ड पेल्यू यानं हे जहाज कंपनीकडून विकत घेतलं. ‘मार्क्विस’ गळालं, ‘एचएमएस कॉर्नवॉलिस’ झालं. याच वर्षी गाझीपूरला मूळ कॉर्नवॉलिस वारला. १८०७ मध्ये कॅप्टन चार्ल्स जॉन्स्टनच्या हाताखाली हे जहाज ऑस्ट्रेलियाला आणि तिथून पॅसिफिक ओलांडून अमेरिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्याला गेलं. परतीच्या वाटेवर, १४ डिसेंबर १८०७ रोजी, जॉन्स्टनला हवाईच्या नैर्ऋत्येला एक निर्मनुष्य प्रवाळबेट दिसलं. ते आज जॉन्स्टन बेट म्हणून ओळखलं जातं. अमेरिकेनं पुढे तिथे अण्वस्त्रांच्या चाचण्या केल्या. नाव कप्तानाचं लागलं, जहाजाचं नाही. पण त्या बेटावर इंग्रजांना नेलं ते मुंबईच्या सागवानानं. १८१० च्या फेब्रुवारीत याच जहाजानं इतर दोघांबरोबर डचांचं अंबोइना, म्हणजे लवंगांचं बेट, घेण्यात भाग घेतला.

मग १८११ च्या फेब्रुवारीत नाव बदलण्याचा हुकूम निघाला. मुंबईत चौऱ्याहत्तर तोफांचं नवं जहाज होऊ घातलं होतं आणि कॉर्नवॉलिस हे भारदस्त नाव त्याच्यासाठी हवं होतं. एका आरमारात एका नावाची दोन जहाजं चालत नाहीत. जुन्याला नवं नाव मिळालं: ‘अकबर’.

इथे नावाचा माग धरणारे ग्रंथ पान उलटून १८१३ वर जातात. लाकडाचा माग सोडवत नाही. त्या वर्षी जावा बेटावर स्वारी झाली, तिथे हे जहाज अकबर म्हणून होतं. म्हणजे सन्मानांच्या हिशेबानं अंबोइना एकाच्या खात्यात आणि जावा दुसऱ्याच्या. जहाज मात्र एकच. युद्ध संपल्यावर ते पोर्ट्समथला नांगरून पडलं, रोगराईची शंका असलेल्या जहाजांसाठी क्वारंटाइनचं काम करू लागलं. १८५० च्या दशकात ते लिव्हरपूलच्या एका संस्थेला मिळालं. किरकोळ चोऱ्यामाऱ्यांत सापडलेल्या पोरांना सुधारण्यासाठी ही संस्था मर्सी नदीत जहाजावर शाळा चालवी. जमशेटजींचं जहाज पोरांचा तुरुंग झालं आणि तुरुंगाचं नाव अकबर.

ते जीर्ण झाल्यावर १८६२ मध्ये संस्थेला दुसरं जहाज मिळालं. त्याचं नाव ‘वेलिंग्टन’. असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजांना हरवणारा जो आर्थर वेलस्ली, तोच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्याचं नाव पुसून संस्थेनं तिथे ‘अकबर’ लिहिलं, कारण शाळा त्या नावानं ओळखीची झाली होती. पुढे शाळा जमिनीवर हेसवॉल गावी आली तरी लोक तिला अकबरच म्हणत. १९१० साली ‘जॉन बुल’ साप्ताहिकानं तिथे पोरांचे हाल होतात असा आरोप छापला, तेव्हा गृहमंत्री विन्स्टन चर्चिल होता आणि चौकशी त्याच्या खात्याकडे आली. वर्तमानपत्रांत तिचं नाव ‘अकबर प्रकरण’. मर्सीकाठच्या पोरांना मोगल बादशहाशी काही देणंघेणं नव्हतं. एका गव्हर्नर जनरलला नाव मोकळं करून देताना १८११ साली कुणीतरी जो पर्याय लिहिला, तो नव्याण्णव वर्षांनी इंग्लंडातल्या एका बदनामीला चिकटला.

आता दुसरी. ही खरी कॉर्नवॉलिस म्हणावी अशी. चौऱ्याहत्तर तोफा, दोन मजली तोफखाना, जमशेटजींचीच देखरेख, मुंबईत १८१३ साली पाण्यात उतरलेली. तिच्या तळाला ठोकायचे तांब्याचे पत्रे इंग्लंडहून ‘जावा’ नावाच्या फ्रिगेटवर चढवले होते. इंग्लंड-अमेरिका युद्ध चालू होतं. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यापुढे अमेरिकन ‘कॉन्स्टिट्यूशन’नं जावाला गाठून मोडून टाकलं. तांबं गेलं, मुंबईतलं काम रखडलं. त्याच जावावर मुंबईच्या फौजेचा नवा सरसेनापती म्हणून नेमलेला टॉमस हिस्लॉप होता. अमेरिकनांनी त्याला कैद केलं आणि शब्दावर सोडून दिलं. पाच वर्षांनी, २१ डिसेंबर १८१७ रोजी, महिदपूरला होळकरांच्या फौजेसमोर इंग्रजांचा सेनापती हाच हिस्लॉप होता. ब्राझीलपुढच्या लढाईचा मराठ्यांच्या इतिहासाशी असा आडून संबंध येतो. फार मोठा नाही, पण नोंदवून ठेवावासा वाटला.

तिची पहिली ठळक चकमकही अमेरिकनांशीच. १८१५ च्या एप्रिलच्या अखेरीस दक्षिणेकडच्या समुद्रात अमेरिकन ‘हॉर्नेट’ला दूरवर एक मोठं जहाज दिसलं. कंपनीचं मालवाहू असेल, चांगली लूट मिळेल, या आशेनं हॉर्नेट जवळ गेली, तर ती निघाली कॉर्नवॉलिस. हॉर्नेटनं जीव वाचवण्यासाठी तोफा, होड्या, नांगर, जे हाताला येईल ते समुद्रात फेकलं आणि हलकी होऊन निसटली. दोन्ही देशांचा तह तोवर होऊन गेला होता. समुद्रावर बातमी पोचलेली नव्हती.

पुढची सत्तावीस वर्षं मी भराभर ओलांडतो, कारण हे जहाज इतिहासात येतं ते १८४२ साली. अफूच्या युद्धात चीनवर गेलेल्या आरमाराचं ते निशाणाचं जहाज होतं; अ‍ॅडमिरल विल्यम पार्कर त्यावर होता. ते यांगत्से नदीतून वर चढून नानकिंगपर्यंत गेलं. २९ ऑगस्ट १८४२ रोजी त्याच्या मागच्या दालनात चिनी बादशहाच्या वकिलांनी आणि हेन्री पॉटिंजरनं नानकिंगच्या तहावर सह्या केल्या. हाँगकाँग इंग्रजांना, पाच बंदरं व्यापाराला खुली, आणि चीननं दोन कोटी दहा लाख डॉलर द्यायचे. कॅप्टन जॉन प्लॅटनं या प्रसंगाचं चित्र काढलं. टेबलाभोवती गणवेशांची दाटी आहे. वरच्या तुळया, बाजूच्या फळ्या, सगळं मलबारचं सागवान.

या तहाची दुसरी बाजू मुंबईकरानं नजरेआड करू नये. चीनला जाणाऱ्या अफूचा मोठा भाग शिंदे-होळकरांच्या माळव्यात पिके आणि मुंबई बंदरातून गलबतांवर चढे. १८३९ मध्ये लिन झेशूनं कँटनला अफूच्या वीस हजारांवर पेट्या नष्ट केल्या, तेव्हा मुंबईचे व्यापारीही बुडाले. जमशेटजी जीजीभॉय यांची चीनच्या व्यापारातली कमाई बरीचशी याच मालाची. (नावाचा घोटाळा नको: हे जमशेटजी वेगळे, जहाजवाले जमशेटजी १८२१ मध्येच वारले.) ज्या वर्षी तहावर सही झाली त्याच १८४२ मध्ये जीजीभॉय यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. मुंबईत बांधलेल्या जहाजावर मुंबईच्या व्यापाराला हवा तो तह झाला. आपल्याकडे या जहाजाचा उल्लेख मुंबईच्या कारागिरीचा मानबिंदू म्हणून होतो. तो रास्त आहे. पण त्याच वाक्यात नानकिंग अभिमानानं घालायचं असेल, तर अफूही घालावी लागेल.

चाळिशीत जहाजं मोडीत निघतात. या जहाजाच्या पोटात वाफेचं इंजिन बसवलं आणि रशियाशी चाललेल्या क्रिमियाच्या युद्धात त्याला बाल्टिक समुद्रात धाडलं. १८५५ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडच्या किनाऱ्यावरच्या स्वेआबोर्ग किल्ल्यावर तोफा डागणाऱ्यांत ते होतं. कप्तान जॉर्ज वेलस्ली, असईवाल्या वेलस्लीचा पुतण्या. जोडीला ‘हेस्टिंग्ज’ नावाचं कलकत्त्याला बांधलेलं जहाज. हिंदुस्थानी लाकडाची ही दोन म्हातारी जहाजं रशियन किल्ल्यापुढे एका रांगेत. १८६५ मध्ये त्याचं सैनिकी आयुष्य संपलं आणि टेम्सच्या मुखाजवळ शीअरनेसच्या गोदीत त्याला कायमचं बांधून टाकलं. त्याच्यावरून माणसं आणि माल चढू-उतरू लागले. जहाजाचा धक्का झाला.

तिसऱ्या कॉर्नवॉलिसपाशी नावाचा मागच तुटतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश आरमारानं सहा पोलादी बॅटलशिपांचा एक गट बांधायला घेतला. गटातल्या सगळ्या नावांमागे एकेक अ‍ॅडमिरल: डंकन, एक्समथ, अल्बेमार्ल, रसेल, मॉन्टॅग्यू आणि कॉर्नवॉलिस. हा कॉर्नवॉलिस म्हणजे अ‍ॅडमिरल विल्यम कॉर्नवॉलिस, गव्हर्नर जनरल चार्ल्सचा धाकटा भाऊ. तोही आपल्याकडे येऊन गेलेला. १७८९ पासून तो पूर्वेकडच्या आरमाराचा प्रमुख होता. थोरला टिपूशी लढत असताना धाकटा मलबारच्या किनाऱ्यावर त्याला जाणारी फ्रेंच मदत अडवत होता. पण इंग्लंडात त्याचं नाव झालं ते ब्रेस्ट बंदरापुढे फ्रेंच आरमाराला वर्षानुवर्षं कोंडून ठेवल्याबद्दल. म्हणजे फलकावर आधीच्या दोघींचे सन्मान मिरवायचे, आणि नावाचा धनी मात्र बदललेला. आडनाव एक असल्यानं शिवण दिसत नाही.

याच गटातलं एक्समथ म्हणजे कोण? लॉर्ड एक्समथ, पूर्वाश्रमीचा एडवर्ड पेल्यू. १८०५ साली कंपनीकडून पहिलं कॉर्नवॉलिस विकत घेणारा. गटाचं नाव डंकन, अ‍ॅडमिरल अ‍ॅडम डंकनवरून. मुंबईच्या गोदीतही एक डंकन डॉक आहे, जमशेटजींच्या काळातलंच. पण तो डंकन म्हणजे मुंबईचा गव्हर्नर जोनाथन डंकन. नावांच्या जोरावर इतिहास जुळवणाऱ्यानं इथे जपून पाऊल टाकावं.

बॅटलशिप कॉर्नवॉलिस १७ जुलै १९०१ रोजी टेम्स आयर्नवर्क्समध्ये पाण्यात उतरली आणि १९०४ मध्ये तयार झाली. बारा इंची चार तोफा, वेग १९ नॉट. दोनच वर्षांनी ‘ड्रेडनॉट’ आली आणि हे सगळे गट जुनाट ठरले. म्हणून पहिल्या महायुद्धात यांना जोखमीच्या कामांवर पाठवलं. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीतल्या तुर्की किल्ल्यांवर पहिला गोळा टाकला तो कॉर्नवॉलिसनं. २५ एप्रिलला गॅलिपोलीवर सैन्य उतरलं, तेव्हा मोर्तो उपसागरात तिनं साउथ वेल्स बॉर्डरर्सना उतरवलं. डिसेंबरात सुव्लाहून माघार घेताना निघणाऱ्या मोठ्या नौकांत ती शेवटची. पुढे काही आठवडे ती सुवेझ आणि हिंदी महासागरातही होती. ९ जानेवारी १९१७ रोजी माल्टाच्या पूर्वेला जर्मन पाणबुडी यू-३२ नं तिला टॉर्पेडो मारला. कलंडलेली नौका खलाशांनी दुसऱ्या बाजूला पाणी घेऊन सावरली. सुमारे सव्वा तासानं दुसरा टॉर्पेडो बसला. मिळालेल्या वेळात बहुतेक सगळे सुटले. पंधरा जण गेले.

या काळात शीअरनेसला जुनी, सागवानी कॉर्नवॉलिस होतीच. सोळा वर्षांची पोलादी नौका समुद्राच्या तळाशी गेली, तेव्हा एकशेचार वर्षांची लाकडी तरंगत होती. मात्र कॉर्नवॉलिस या नावानं नाही. १९१६ मध्ये तिला तिथल्या नाविक तळाची नौका म्हणून घेतलं आणि ‘वाइल्डफायर’ नाव दिलं. नावाच्या मागानं जाणाऱ्याला ती इथे हरवते.

ब्रिटिश आरमारानं कॉर्नवॉलिस नाव पुन्हा कुठल्या युद्धनौकेला दिलं नाही. ते वसाहतींमध्ये गेलं. १९२१ साली ‘लिक्निस’ हे फुलाचं नाव असलेली एक स्लूप हिंदुस्थानच्या मरीनला मिळाली. इथे तिचं ‘कॉर्नवॉलिस’ झालं. शेजारच्या नौका ‘क्लाइव्ह’, ‘लॉरेन्स’. म्हणजे नावाचा धनी पुन्हा थोरला भाऊ. दुसऱ्या महायुद्धात तिनं हिंदी महासागरात काफिल्यांची राखण केली आणि १९४६ मध्ये ती भंगारात गेली. त्यामुळे ‘आयएनएस कॉर्नवॉलिस’ हे नाव कधी अस्तित्वात येण्याची वेळच आली नाही. मुंबईतल्या ‘डलहौसी’ या किनाऱ्यावरच्या नाविक तळाचं नाव मात्र बदलावं लागलं. १९५१ मध्ये त्याचं ‘आयएनएस आंग्रे’ झालं.

कॅनडात १९४२ मध्ये ‘एचएमसीएस कॉर्नवॉलिस’ नावाचा मोठा नाविक प्रशिक्षण तळ निघाला. हा तिसराच कॉर्नवॉलिस: एडवर्ड, त्या दोन भावांचा काका, हॅलिफॅक्स शहराचा संस्थापक. १७४९ मध्ये त्यानं मिकमाक आदिवासींच्या मुंडक्यांच्या कातड्यांवर इनाम लावलं होतं. हॅलिफॅक्स शहरानं २०१८ मध्ये त्याचा पुतळा उतरवला. कॅनडाच्या तटरक्षक दलाचं ‘एडवर्ड कॉर्नवॉलिस’ नावाचं जहाज होतं. २०२१ मध्ये ते ‘कोपिट हॉप्सन १७५२’ झालं. मिकमाक प्रमुख कोपिट आणि इंग्रज गव्हर्नर हॉप्सन यांच्यात झालेल्या १७५२ च्या तहावरून हे नाव घेतलं.

नाव बदलूनही ज्याचा पत्ता लागतो असं मुंबईचं एक जहाज आहे. वाडियांनी १८१७ साली पाण्यात सोडलेलं ‘त्रिंकोमाली’ पुढे एका हौशी इंग्रजानं विकत घेतलं. नेल्सनचं जुनं ‘फूद्रॉयां’ त्याच्याकडे होतं, ते वादळात फुटलं, म्हणून ते नाव त्यानं याला दिलं. जवळजवळ नव्वद वर्षं त्रिंकोमाली त्या उसन्या नावानं वावरलं. १९९२ मध्ये जुनं नाव परत मिळालं. आज ते हार्टलपूलला तरंगत उभं आहे आणि मुंबईची पाटी त्याच्यावर आहे.

शीअरनेसच्या कॉर्नवॉलिसला असा कुणी भेटला नाही. दोन्ही महायुद्धं तिनं धक्क्याला बांधलेल्या अवस्थेत काढली. मुंबई ज्या राज्याची होती ते राज्य गेलं, तेव्हाही ती तिथेच होती. पाण्यात उतरल्याला १४४ वर्षं झाल्यावर, १९५७ मध्ये, तिचं लाकूड सुटं केलं गेलं. मोडीच्या यादीत ती ‘वाइल्डफायर’ म्हणून आहे.